समोरच्या खिडकीतला लाल

पडदा

वहिनीने सकाळी दार उघडलं आणि समोरच्या खिडकीत तिला तिचा लाल दिसला.

लाल तर बाजारात पोत्याने मिळतो. हा तसला नव्हे. हा खोल आहे, जरासा काळोखा, आणि उन्हात धरला की आतून पेटतो. लग्न होऊन आमच्या घरी आल्यावर वहिनीने तो याच अंगणात काढला. लांबलांबचे रंगारी आले, बसले, गोड बोलले, चहा पिऊन गेले. रंग इथेच राहिला.

आता तो समोरच्या चष्म्याच्या दुकानात पडदा होऊन लटकत होता.

तिने मला फोन केला.

"वन्सं, निघा. घरात चोरी झालीय."

"काय गेलं?"

"गेलं काही नाही. समोर निघालंय."

मी तिची नणंद. विमा कंपनीत आयुष्य काढलं. लोकांचे दावे खरे की खोटे, ते तपासायचं काम. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी, चोरीला गेलेले आणि मेहुण्याच्या माळ्यावर सापडलेले दागिने. माझ्या हातून एकही खोटा दावा सुटला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. मी विनोद करत नसते.

दोन तुकडे

रंगाच्या खोलीच्या उंबऱ्यावर वहिनीने मला अडवलं. "किल्ल्यांचा जुडगा बाहेर ठेवा. घड्याळही. लोखंड आत नाही, माहितीये ना?"

माहीत होतं. लोखंड लागलं की रंग मरतो, असं ती म्हणते. खोलीत ढवळायला लाकडाची पळी, उकळायला कल्हई केलेला तांब्याचा हंडा, कापड टांगायला दोऱ्या. सुईसुद्धा बाहेर.

"रंगाची मापं तिघींना ठाऊक," ती म्हणाली. "मला, लेकीला, सुनेला. कुठेही लिहिलेली नाहीत. मी तोंड उघडलं नाही. लेक माझ्या पोटची. मग उरलं कोण, ते तुम्हीच सांगा."

उरलेली कोपऱ्यात मंजिष्ठेच्या मुळ्या कांडत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. वहिनी त्यासाठीच मोठ्याने बोलत होती.

हंडा आता सुनेकडे जायचा होता. आमच्याकडे ज्याच्या हाती हंडा, त्याच्या शब्दावर घर चालतं. औषधांच्या दुकानातली बरी नोकरी सोडून ही मुलगी यात उतरली, कोपरापर्यंत भाजून घेतलं, नवरा बोटीवर असताना एकटीने राबली. आणि आता वहिनीने जाहीर केलं होतं: हिने मापं दिली असतील, तर हंडा राहिलाच, हिने या खोलीत पाऊलही टाकायचं नाही.

मी गल्ली ओलांडून गेले. चष्मेवाल्यांनी काही न विचारता पडद्याचा कोपरा कात्रीने कापून माझ्या हातात ठेवला.

"आणखी लागला तर सांगा," म्हणाले. गालातल्या गालात हसत होते.

तो तुकडा आणि घरातला एक तुकडा मी अंगणात, भर उन्हात, वहिनीच्या दोन तळव्यांवर ठेवले. कुठला कुठला, ते सांगितलं नाही. तिने ते चोळले, हुंगले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले.

"हा माझा," ती म्हणाली. मग दुसऱ्याकडे वळली. पुन्हा चोळला, पुन्हा हुंगला.

"हाही माझाच आहे. तुम्ही मला फसवताय, वन्सं."

"एक समोरचा आहे."

ती ओट्यावर बसली. मी तिला अशी बसताना भाऊ गेला तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आजच. इतका हुबेहूब रंग कुणी सांगितल्याशिवाय येत नाही, हे मलाही दिसत होतं. आता सुनेला विचारणं आलं, आणि ती

गप्प

"मापं कुणाला सांगितलीस?"

"नाही सांगितली, आत्याबाई."

"नवऱ्याला?"

"त्यांना फोनवर मुलांचं सांगू की मुळ्यांचं?"

"समोर जातेस?"

गप्प.

"शेजारणीने पाहिलंय. दुपारी, मागच्या दाराने, अधूनमधून नाही, रोज."

गप्प.

"त्या घरात तुझं काय काम असतं?"

"काम नसतं."

"मग?"

गप्प. मान मात्र ताठ. चोरी करणाऱ्याची मान खाली जाते किंवा फार वर जाते. हिची होती तिथेच होती.

"अगं, तुझ्या हातातला हंडा चाललाय. एवढं सांगितलंस तर सुटशील."

"ते सांगून सुटायचं असेल तर नको मला."

लेक

लेक दळणवळण खात्यात कारकून आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, आणि सुट्टीच्या दिवशी आईकडे येऊन हंड्यापाशी उभी राहते, जशी काही माणसं नातेवाइकांकडे तोंड दाखवायला जातात.

"आत्या, खरं सांगू? माझ्या वहिनीकडे हंडा गेला तर मी पेढे..." ती थांबली, हसली. "म्हणजे आनंदच होईल मला. आईला सांगू नकोस."

"तुला नको?"

"मला जमतच नाही गं. शिकायला बाहेर होते ना, तेव्हा खोलीवर एकदा करून पाहिला. मापं अगदी तीच. मुळ्या आईनेच दिलेल्या. पण आला टोमॅटोसारखा लालभडक. आईला दाखवला तर म्हणाली, तुझा हात बसलेला नाही."

"आणि इथे केलास तर?"

"इथे बरोबर येतो. इथे आई शेजारी उभी असते ना. तिचा हात लागतो."

वहिनीच्या हाताची ही कीर्ती मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. रंग हातात आहे, असं सगळेच म्हणतात. मी मान डोलावली आणि पुढे गेले. कबूल करायला जड जातं, पण त्या वेळी मी ते नुसतं ऐकलं.

चष्मेवाले

"पडदा कुठून आणलात?"

"आणला नाही. केला."

"रंग?"

"तोही केला."

"शिकवला कुणी?"

काचेवर फुंकर मारता मारता ते थबकले. "वहिनींना वाटतंय, कुणी शिकवला?"

"त्यांची खात्री आहे."

"म्हणजे हुबेहूब आहे!"

आरोप ऐकून रडणारे पाहिले, भांडणारे पाहिले, छाती बडवणारे पाहिले. आरोप असा चवीने चघळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. चष्मा काढून त्यांनी तो पुसला, पुन्हा घातला, आणि खिडकीतून आमच्या अंगणाकडे पाहिलं. दोरीवर लाल कापडं वाळत होती. त्या खिडकीतून आमचं अंगण ताटात वाढल्यासारखं दिसतं.

"मी एकदा विचारायला गेलो होतो," ते म्हणाले. "सरळ, दारातून. म्हटलं, वहिनी, हा रंग कसा साधता? तर मला म्हणतात, डोळ्यांचाच धंदा ना तुमचा? मग बघा की."

"मग?"

"मग बघितलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आमची सून तुमच्याकडे येते."

"येते."

"कशाला?"

"तिला विचारा."

"विचारलं. सांगत नाही."

"मग मी कोण सांगणारा?" त्यांनी हात जोडले. दुकान बंद झाल्याची खूण होती ती.

उठताना मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत मला एक बरणी दिसली. तांबूस गढूळ पाण्यात सुतारकामाचे लांब, गंजलेले खिळे बुडालेले.

"चष्म्याला इतके मोठे खिळे लागतात?"

"जड नाकाच्या गिऱ्हाइकांना," ते म्हणाले.

हात धुताना

परत आले, अंगणातल्या नळाखाली हात धुतले, पांढऱ्या रुमालाला पुसले.

नळाखालच्या फरशीवर वरपासून खालपर्यंत तपकिरी ओघळ होता. जुना, घट्ट, घासून न जाणारा. मी रुमाल पाहिला; तोही पिवळसर झाला होता. पुन्हा ओघळ पाहिला. मघाशी चष्मेवाल्यांकडे पाणी मागितलं होतं, तिथलं पांढरं बेसिन डोळ्यांसमोर आणलं. त्यावर डाग नव्हता.

"वहिनी, या नळाला पाणी कुठून येतं?"

"गच्चीवरच्या टाकीतून. दुसरीकडून कुठून येणार?"

"रंगाच्या खोलीतलं?"

"तेही तिथूनच. वन्सं, तुम्ही चोर शोधताय की नळजोडणी?"

माझे गुडघे आता जिन्याशी बोलत नाहीत. तरी गेले. टाकीवरचं झाकण दोन्ही हातांनी उचललं, आत वाकून पाहिलं, आणि एकटीच, त्या गच्चीवर, मोठ्याने हसले.

ज्यांना आधी स्वतः सांगून पाहायचंय त्यांच्यासाठी मोकळी जागा

&nbsp;

&nbsp;

इथे बसा हवं तर. माझ्याजवळ होतं ते सगळं तुमच्याजवळ आहे. तुकडे दोन, बायका तीन, बरणी एक.

समोरचं स्वयंपाकघर

"मी? त्या घरात?" वहिनी म्हणाली.

"दावा तुझा आहे. तपासताना तू हवीस."

ती आली. गल्ली ओलांडायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माणूस गाव ओलांडतो. मागून लेक, तिच्यामागून हातात मुळ्यांची पिशवी घेऊन सून. चष्मेवाल्यांना मी त्यांच्याच घराबाहेर, पायरीवर, पाठ करून बसवलं. मापं त्यांनी बघायची नव्हती. ते तसे बसलेही, शहाण्या मुलासारखे.

"तू तुमचा लाल कर," मी सुनेला सांगितलं. "तुरटीपासून शेवटपर्यंत सगळं. मापात तसूभर फरक नको. पाणी मात्र या घरातलं. आणि वहिनी, तू हाताची घडी घालून नुसतं बघायचंस."

सकाळी सुरू केलेलं उन्हं कलेपर्यंत चाललं. सून एकदाही अडखळली नाही. मुळ्यांचं पाणी कधी तापवायचं, कधी नुसतं धरून ठेवायचं, डाळिंबाची साल कधी काढायची, ती न बोलता करत होती, आणि वहिनीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. कुठेही चूक नाही हे वहिनीच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मग सुनेने कापड वर उचललं.

उजळ. धावत येऊन दारात उभ्या राहिलेल्या पोरीच्या गालांसारखा लाल. त्यात काळोखाचा थेंबही नव्हता.

"मुद्दाम बिघडवलास!" वहिनी ओरडली. "मेली मुद्दाम—"

"आई," लेक म्हणाली, "माझा खोलीवर अस्साच आला होता."

कुणी काही बोलायच्या आत मी मागच्या खिडकीतली बरणी उचलली आणि खिळ्यांचं पाणी त्या भांड्यात ओतलं. वहिनीने किंकाळी फोडली. लोखंड! सुनेचा हात मला अडवायला आपोआप पुढे आला. मी म्हटलं, बुडव पुन्हा. ढवळ.

ती ढवळत राहिली. रंग खोल जात गेला, दिवस मावळताना खोली अंधारत जाते तसा. तिने कापड पुन्हा वर काढलं, तेव्हा त्या स्वयंपाकघरात वहिनीचा लाल लोंबत होता.

"तू लोखंड खोलीबाहेर ठेवलंस," मी वहिनीला म्हटलं. "सुईसुद्धा बाहेर ठेवलीस. पण वर कधी पाहिलं नाहीस. तुझी टाकी लोखंडाची आहे, आतून गंजून सोललीय. तुझ्या हंड्यात पहिल्या दिवसापासून लोखंड पडतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे हिने मापं दिली असती, तर समोरच्या खिडकीत तो पहिला लाल लटकला असता. उजळ. या पाण्यात तुमच्या मापांनी दुसरं काही येतच नाही, आत्ता तुझ्या डोळ्यांदेखत झालंय. खिळे घालायचं सुचेल कुणाला? ज्याला मापं माहीत नाहीत, नियम माहीत नाहीत, फक्त रंग दिसतो, अशा माणसाला. तुम्हा तिघींपैकी एकीलाही ते जन्मात सुचलं नसतं. रंग इतका जुळलाय, म्हणूनच तो कुणी सांगितलेला नाही." मी दम घेतला. हे वाक्य मी गच्चीवरून उतरताना तयार केलं होतं, आणि ते मला अजूनही आवडतं. "दावा फेटाळला, वहिनी. चोरी झालेलीच नाही."

वहिनी कापडाकडे पाहत होती.

"म्हणजे माझा लाल गंजाचा?"

"गंज या गल्लीत घरोघरी आहे," मी म्हटलं. "लाल तुझ्याच घरी झाला."

चष्मेवाल्यांच्या बायकोचं म्हणणं, जसंच्या तसं

आता आत बोलवा त्यांना. या हो, या. आणि ते कपाट उघडा. उघडा म्हणते ना! लाज कसली? चोर म्हणून घेताना नाही वाटली लाज? हे बघा. वरपासून खालपर्यंत चिंध्या. ही नारिंगी, ही विटकरी, ही बघा, काळी ठिक्कर, हिच्यापायी माझं भाताचं पातेलं गेलं. मुलं लहान होती तेव्हापासून चाललंय. गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि यांचे डोळे तुमच्या दोरीवर. मी म्हटलं सांगून टाका त्यांना, तर म्हणे, मग एवढ्या वेळा हरलो तेही सांगावं लागेल. आणि या पोरीवर आळ आला तेव्हा मी दाराबाहेर निघालेच होते, तर हीच माझा हात धरते! काकू, तुम्ही काही बोलायचं नाही म्हणे. का नाही बोलायचं? आता बोलणारच. ती इथे झोपायला येते, वहिनी. झोपायला! त्या आतल्या खोलीत, दुपारी, घटकाभर. येते, आडवी होते, उठते, तोंड धुते, जाते. तुमच्या घरात दिवसा फक्त आजारी माणूस आडवा होतो, असं तुम्हीच सांगत असता ना सगळ्यांना? ती आजारी नव्हती. थकली होती.

कपाट

सून लाल झाली, पण मान तिथेच.

वहिनी तिच्याकडे पाहू शकली नाही. ती कपाटाकडे गेली. एकेक चिंधी उचलून उजेडात धरू लागली, जशी माझ्या दाव्यांची कागदपत्रं मी धरत असे. चष्मेवाले कोपऱ्यात उभे. चोर ठरले होते तेव्हा ताठ होते. आता परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे.

"ही जवळ आली होती," वहिनी एका चिंधीवर थांबली. "इथे तुरटी जास्त झाली तुमची."

"तुरटी? मी सालीला दोष देत होतो."

"छे. साल ठीक आहे. साल तर तुम्ही—" आणि तिने जीभ चावली.

चष्मेवाल्यांनी झटकन दोन्ही कानांवर हात ठेवले. "मी काही ऐकलं नाही."

"ऐकूही नका," वहिनी म्हणाली. तिने चिंधी परत ठेवली, नीट घडी करून. "एवढी वर्षं माझ्या रंगाकडे कुणी पाहत होतं, हे मला कुणी सांगितलं का नाही?"

 ती रागाने विचारत नव्हती. तिचा चेहरा मी ओळखते. लांबचे रंगारी हात हलवत परत जायचे, तेव्हा ती अशी दिसायची. आज थोडी जास्त.

गल्ली

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. भाजी घेणाऱ्या थांबल्या, सायकली थांबल्या, वरच्या खिडक्या उघडल्या. सून दारात होती.

"समोरचा लाल चष्मेवाल्यांनी स्वतः केलाय," वहिनी म्हणाली. आवाज असा की गल्लीच्या टोकाचा बहिरा न्हावीसुद्धा बाहेर आला. "नुसता बघून. माझ्या घरातून कुणी दिला नाही. मी माझ्या सुनेवर नको तो आळ घेतला. घेतला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ऐकलात, म्हणून हेही ऐका."

एवढं बोलून ती वळली आणि चालू लागली. माफी मागून परतणारी बाई अशी चालत नाही. हंडाभर रंग न सांडता नेणारी बाई चालते तशी चालत आली.

अंगणात तिने सुनेसमोर कालची दोन्ही कापडं टाकली. एक उजळ, एक खोल.

"हा पहिला," ती उजळ कापडाला बोट लावून म्हणाली, "वाईट नाही."

"मलाही आवडला," सून म्हणाली.

"मग आता तू सांग. टाकी ठेवायची की काढायची?"

मी त्या घरात जन्मले. लग्न करून गेले, पण येत राहिले. माझ्या भावाने वहिनीला विचारलेलं मी पाहिलंय, रंगाऱ्यांनी विचारलेलं पाहिलंय, मी स्वतः विचारलंय. वहिनीने कुणाला काही विचारलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. हंडा कुठे आहे, हे आता सांगायची गरज नव्हती.

सूनही ते समजली. तिने दोन्ही कापडं उचलली, शेजारी शेजारी दोरीवर टाकली, चार पावलं मागे जाऊन पाहिली. एकदा गच्चीकडे पाहिलं. घाई अजिबात नाही.

"विचार करून सांगते, आई," ती म्हणाली. "आधी जरा पडते."

आणि ती आत गेली, आपल्याच घरात, भर दिवसा, दार सताड उघडं टाकून.

वहिनी तशीच उभी राहिली. मग बाहेर भाजीवाला ओरडला, तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं.